झीज वयाची की मोळीची?

दसरा-दिवाळी उलटली की माळशिरस तालुक्यातील श्रीपूरच्या रस्त्यांवर उसाने लादलेल्या टायरगाड्या, ट्रॅक्टर आणि ट्रक दिसू लागतात. कारखान्याच्या दारात वजनकाटा असतो. भरलेली गाडी काट्यावर जाते, रिकामी होऊन पुन्हा काट्यावर येते आणि मधला फरक ऊसउत्पादकाच्या, वाहतूकदाराच्या व तोडणी टोळीच्या खात्यांवर मांडला जातो. काट्यात खोट असल्याची शंका आली तर शेतकरी दार अडवून बसतात, आणि ते योग्यच आहे. परंतु उसाच्या किलोकिलोचा हिशेब मागणाऱ्या या व्यवस्थेत एका वजनाचा हिशेब कोणीच मागत नाही. तोच ऊस फडातून गाडीपर्यंत वाहून नेताना माणसाच्या खुब्यावर जे वजन पडते, त्याची नोंद कोणत्याही खात्यावर होत नाही. वीसपंचवीस हंगामांनंतर तो माणूस लंगडू लागला, की त्याच्या कागदावर ‘वयोमानानुसार झीज’ असे दोन शब्द लिहिले जातात आणि प्रकरण मिटते.

हे दोन शब्द वैद्यकीय दृष्ट्या अपुरे आहेत आणि सामाजिक दृष्ट्या अन्यायकारक आहेत. वय हे कोणाच्याच नावावर मांडता येत नाही; काम मात्र मांडता येते. म्हणूनच खुब्याच्या दुखण्याचे निदान हा केवळ डॉक्टरांच्या खोलीतील प्रश्न राहत नाही.

श्रीपूरचा साखरधंदा जुना आहे. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ मध्ये उभारलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटच्या कारखान्याने या माळाला नाव मिळवून दिले. आज तेथे श्री पांडुरंग सहकारी साखर कारखाना आहे. भागधारकांची कंपनी आणि शेतकऱ्यांचा सहकार ही दोन्ही पर्वे या एका गावाने पाहिली. या काळात यंत्रे बदलली, गाळपक्षमता वाढली, आसवनी आल्या, बैलगाडीच्या जोडीला ट्रॅक्टर व ट्रक आले. अलीकडे काही फडांत तोडणीयंत्रेही उतरली आहेत. परंतु जेथे कोयत्याने तोड होते तेथे उसाची मोळी आजही माणसाच्या डोक्यावरूनच गाडीवर चढते. मालकीचे स्वरूप पालटले, तरी ओझे उचलण्याची रीत पालटली नाही.

ही मोळी उचलणारे हात बहुतेक दुष्काळी मुलखातून येतात. बीड व अहिल्यानगरचे डोंगरपट्टे, सांगलीतील जत, सोलापूर जिल्ह्यातीलच सांगोला-मंगळवेढ्याची कोरडवाहू गावे यांना पावसाने दगा दिला की माणसे मुकादमाकडून उचल घेतात आणि कोपीचे सामान गाडीवर टाकून फडाकडे निघतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. माणसांची मोजणीच हत्याराने होते, यात या व्यवस्थेची दृष्टी पुरेशी स्पष्ट आहे. दोघांपैकी एक आजारी पडला तर कोयता अर्धा होतो. दिवस बुडाला तर खाडा लागतो. हंगामाअखेर उचल फिटली नाही तर ती पुढच्या वर्षाच्या मानेवर बसते. अशा माणसाला दुखणे दाखवणे परवडत नाही. तो ते लपवतो. आजार लपवण्याची सक्ती हे या रोगाचे पहिले कारण नसले, तरी तो उशिरा सापडण्याचे पहिले कारण निश्चितच आहे.

खुबा हा शरीरातील अत्यंत मजबूत सांधा आहे. कमरेच्या हाडात एक खोलगट वाटी असते आणि मांडीच्या हाडाच्या टोकाचा गोलक तीत फिरतो. दोहोंवर गुळगुळीत कूर्चेचे अस्तर असते. माणूस एका पायावर उभा राहतो तेव्हा हा सांधा तराजूच्या टेकूसारखा होतो, आणि चालताना प्रत्येक पावलागणिक माणूस क्षणभर एकाच पायावर असतो. टेकूच्या एका बाजूस देहाचा भार लांब दांडीवर पडतो. दुसऱ्या बाजूस नितंबालगतचे स्नायू आखूड दांडीवरून तो तोलून धरतात. आखूड दांडीवरून तोल राखायचा तर भाराच्या दुपटीच्या आसपास जोर लागतो, आणि टेकूवर दोन्हींची बेरीज येते. म्हणूनच सपाट जमिनीवर नुसते चालतानाही खुब्यावर देहाच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार पडतो. जिना चढताना तो आणखी वाढतो. आता डोक्यावर ३५ किलोंची मोळी, पायाखाली गाडीला लावलेली अरुंद फळी किंवा शिडी, आणि तोल राखण्यासाठी प्रत्येक पायरीवर एका पायावर थबकणे, असे चित्र डोळ्यांसमोर आणावे. त्या ३५ किलोंपोटी खुब्यावर शंभर किलोंच्या घरातील नवा भार चढतो. दिवसातून अशा पंचवीसतीस खेपा होतात. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात; एकदा ती विरली की पूर्ववत भरून येत नाही. हाडावर हाड घासू लागते, कडांना हाडाचे काटे फुटतात आणि सांधा आखडतो.

हा विकार ओळखण्यास फार मोठी यंत्रसामग्री लागत नाही. अडचण एवढीच, की तो चुकीच्या जागी शोधला जातो. ग्रामीण बोलीत ‘कंबर धरली’ म्हटले की हात पाठीच्या खालच्या भागावर जातो. पण तेथील वा कुल्ल्यातील दुखणे पुष्कळदा मणक्याचे असते. खुब्याचे दुखणे मुख्यतः जांघेत जाणवते, मांडीच्या पुढच्या अंगाने उतरते आणि कित्येकदा गुडघ्यात प्रकट होते, कारण दोन्ही सांध्यांना जाणाऱ्या काही नसा एकच आहेत. परिणामी खुबा झिजलेल्या माणसाच्या गुडघ्याचा एक्स-रे निघतो, तो निर्दोष ठरतो आणि रोगी ढोंगी ठरतो. जांघेतील कळ अंतर्गळाची समजली जाते. बाईचे दुखणे तर पाहताक्षणीच ‘अंगावरचे’ ठरवले जाते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचे प्रकरण विधिमंडळात गाजले आणि चौकशी समिती नेमावी लागली. ओटीपोटात वा कमरेत दुखते म्हणून आलेल्या बाईचा खुबा तपासण्याऐवजी तिचे गर्भाशय काढण्याची घाई होत असेल, तर निदानाच्या चुकीला किती मोठी किंमत पडते हे निराळे सांगावयास नको.

खरी लक्षणे साधी आहेत. मांडी घालून बसता येत नाही, उकिडवे बसताना जांघेत कळ येते, पायातला काटा काढण्यासाठी पाऊल वर घेता येत नाही, सकाळी उठल्यावर काही मिनिटे पाय मोकळा होत नाही, चालताना शरीर दुखऱ्या बाजूस झुकते. तपासणीही साधी आहे. रोग्याला उताणे निजवून गुडघा काटकोनात वाकवावा आणि मांडी आतल्या बाजूस फिरवून पाहावी. झिजलेल्या खुब्यात बहुधा हीच हालचाल प्रथम हरवते. त्यानंतर दोन्ही खुब्यांचा मिळून एक एक्स-रे काढला की सांध्यातील फट अरुंद झाली आहे काय हे कळते. अकलूजच्या वा पंढरपूरच्या उपजिल्हा रुग्णालयात हे अशक्य नाही. लागतो तो डॉक्टरांचा पाच मिनिटांचा वेळ आणि रोग्याविषयी थोडा आदर.

आणि लागतो एक प्रश्न. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला विचारावयाच्या पूर्वापार प्रश्नांत त्याने एकाची भर घातली: तुझा धंदा कोणता? तीन शतके उलटून गेली. पण आपल्याकडील केसपेपरवर नाव, वय, लिंग आणि गाव यांच्यापुढे क्वचितच काही लिहिले जाते. ‘धंदा’ हा रकाना असलाच तर त्यात ‘मजूर’ किंवा ‘घरकाम’ असे भरले जाते. बाई सहा महिने फडात मोळ्या वाहत असली तरी कागदावर ती घरीच असते.

या प्रश्नाचे उत्तर इतर देशांनी शोधले आहे. शेतकऱ्यांमध्ये खुब्याची झीज इतरांपेक्षा कित्येक पटींनी अधिक आढळते आणि दीर्घकाळ जड ओझी उचलण्याशी तिचा संबंध आहे, असे इंग्लंडमधील पीटर क्रॉफ्ट, डेव्हिड कॉगन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडले. त्यांच्या आणि इतरांच्या संशोधनाचा परिणाम असा झाला, की २००५ मध्ये ब्रिटिश सरकारने खुब्याची झीज ही शेतीकामाची व्यावसायिक व्याधी म्हणून यादीत घातली. शेतीत एकूण १० वर्षे काम केलेल्या मजुराला तिच्यापोटी लाभ मागता येतो. जर्मनीने १ ऑगस्ट २०२१ पासून तीच व्याधी आपल्या यादीत घेतली आणि मोजमापही ठरवून दिले: किमान २० किलोंचे ओझे, दिवसातून किमान दहा वेळा, आणि कामाच्या सबंध आयुष्यात मिळून ९,५०० टन.

हाच मापदंड फडाला लावून पाहावा. एक कोयता दिवसाला २ टन ऊस तोडतो व भरतो असे धरले आणि दोघांनी ओझे निम्मेनिम्मे वाहिले, तर एका माणसाच्या वाट्याला दिवसाला १ टन येतो. १५० दिवसांचा हंगाम आणि २५ हंगाम यांचा गुणाकार ३,७५० टन होतो. मोळी एकदा जमिनीवरून डोक्यावर घ्यावी लागते आणि दुसऱ्यांदा गाडीत रचावी लागते. दोन्ही वेळा धरल्यास आकडा ७,५०० वर जातो. जोडीतील एकच जण भरणीचे सगळे काम करीत असेल तर तो १५,००० टनांवर पोहोचतो आणि जर्मन मर्यादा कितीतरी मागे पडते. हे गणित ढोबळ आहे, आणि निम्मे ओझे वाहणारा त्या मर्यादेच्या अलीकडेच राहतो हेही त्यातून दिसते. परंतु जो देश असे गणित मांडून दावा स्वीकारतो वा फेटाळतो आणि जो देश गणित मांडतच नाही, त्यांच्यातील अंतर यातून ध्यानात यावे. भारतात १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यावसायिक रोगांची यादी होती. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तिसऱ्या अनुसूचीतच आहे. शिसे आणि पाऱ्याची विषबाधा, गोंगाटाने आलेला बहिरेपणा, सिलिकोसिस हे सारे तीत आहे. खुब्याची झीज नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला वैद्यकीय आहे. आशियाई लोकांत खुब्याची प्राथमिक झीज युरोपीय लोकांपेक्षा कमी आढळते, मग येथे तिचा एवढा बाऊ कशासाठी, असे विचारले जाईल. मूळ विधान खरे आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. जी व्याधी सर्वसाधारण लोकांत विरळ आहे, ती ओझी वाहणाऱ्यात दिसली तर संशय ओझ्यावरच अधिक बळावला पाहिजे. दुसरा आक्षेप कायद्याचा आहे. ऊसतोड मजूर कारखान्याच्या हजेरीपटावर नसतो. करार मुकादमाशी वा वाहतूकदाराशी असतो. मग भरपाई कोणी द्यावी? हा युक्तिवाद नवा नाही. गिरणीत बदली कामगार, बंदरात टोळीवाला, बांधकामावर ठेकेदार, अशी मधली भिंत उभी करून मालक नेहमीच अदृश्य होत आले आहेत. उसाचा दर ठरवताना, तोडणीचा कार्यक्रम लावताना आणि टनामागे तोडणीखर्च कापताना कारखाना हजर असतो. झिजलेल्या सांध्याच्या वेळीच तो गैरहजर राहू शकत नाही.

निदान करताना आणखी एक सावधगिरी अवश्य बाळगली पाहिजे, कारण प्रत्येक लंगड्या चालीमागे मोळीच असते असे नाही. तिशी-चाळिशीतील माणसाचा खुबा अचानक दुखू लागला आणि एक्स-रे स्वच्छ दिसला, तरी मांडीच्या हाडाच्या गोलकाचा रक्तपुरवठा तुटून तो मृत होत असण्याची शक्यता असते. दारू आणि स्टेरॉइड ही त्याची प्रमुख कारणे आहेत. अशा वेळी एमआरआय करणे आवश्यक ठरते. रोग आरंभी सापडला तर हाडाला छिद्र पाडून त्यातील दाब कमी करण्याच्या छोट्या शस्त्रक्रियेने गोलक वाचण्याची आशा असते, उशीर झाला तर तो ढासळतो. संध्याकाळचा ताप, घटणारे वजन, रात्री झोपेत किंचाळून उठणारे मूल ही चिन्हे खुब्याच्या क्षयाची असू शकतात. त्यावरची औषधे सरकारी यंत्रणेत विनामूल्य मिळतात. म्हातारी माणसे पडल्यावर पाय टेकवू शकत नसतील तर ‘मुरगळले असेल’ म्हणून तेल चोळत बसू नये. मांडीच्या हाडाची मान मोडलेली असते आणि तेथे दिवस नव्हे, तास मोलाचे असतात.

आता उपचारांविषयी. फडावर प्रत्यक्षात मिळतो तो उपचार म्हणजे वेदनाशामक गोळी किंवा सुई. ती घेऊन माणूस त्याच दिवशी पुन्हा मोळी उचलतो. म्हणजे वेदनेने दिलेला इशारा बंद केला जातो आणि झीज चालूच राहते. पाणी पुरेसे नसताना उन्हात राबणाऱ्या शरीरात या गोळ्या मूत्रपिंडाला आणि जठराला इजा करतात. काही ठिकाणी ‘गुण येणारी पुडी’ म्हणून स्टेरॉइड दिले जाते. जे औषध खुब्याचा गोलक मारू शकते तेच खुब्याच्या दुखण्यावर द्यावे, याहून मोठी विटंबना कोणती? योग्य उपचाराचा क्रम याच्या उलट आहे. प्रथम ओझे कमी करावे. नितंबाचे व मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम नेमाने करावेत. वजन अधिक असल्यास ते उतरवावे. दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात काठी धरावी. सांध्यावरचा भार त्यामुळे लक्षणीय हलका होतो. पुष्कळजण काठी दुखऱ्या बाजूलाच धरतात, तेव्हा हे मुद्दाम सांगावे लागते. वेदनाशामके डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोडी आणि थोडे दिवस घ्यावीत. परंतु ‘ओझे कमी करा’ हा सल्ला ज्याला उचल फेडायची आहे त्याला देणे म्हणजे उपाशी माणसाला पथ्य सांगण्यासारखे आहे. येथे उपचाराची पहिलीच पायरी डॉक्टरांच्या हातून निसटून मजुरीच्या प्रश्नात जाऊन पडते.

सांधा पुरता गेला असेल तर कृत्रिम खुबा बसवणे हा खात्रीचा उपाय आहे. या शस्त्रक्रियेचा इतिहास समाजवादी विचाराच्या वाचकांनी जाणून घेण्याजोगा आहे. ब्रिटनमध्ये मजूर पक्षाच्या सरकारने ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली. तिचा शिल्पकार अन्यूरिन बेव्हन हा स्वतः किशोरवयात कोळशाच्या खाणीत उतरलेला कामगार होता. त्याच सार्वजनिक सेवेतील लँकशायरमधील राइटिंग्टन या, एके काळी क्षयरोग्यांसाठी असलेल्या रुग्णालयात जॉन चार्नली याने कृत्रिम खुब्याचे प्रयोग केले. टेफ्लॉनच्या वाट्या झपाट्याने झिजल्या आणि शेकडो रोग्यांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. नवा पदार्थ शरीराला सोसतो की नाही हे पाहण्यासाठी त्याने त्याचे तुकडे स्वतःच्या मांडीत बसवून घेतले. १९६२ मध्ये पॉलिइथिलीनची वाटी आणि धातूचा लहान गोलक ही जोडी यशस्वी ठरली. आज अशा सांध्यांपैकी सुमारे ५८ टक्के २५ वर्षे टिकतात असा दीर्घ पाहणीचा निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. विसाव्या शतकातील ही एक श्रेष्ठ शस्त्रक्रिया. ती श्रीमंतांच्या दवाखान्यात जन्मली नाही. सर्वांना मोफत उपचार देणाऱ्या सरकारी इस्पितळात जन्मली.

महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांच्या एकत्रित योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि खुब्याचे प्रत्यारोपण उपचारांच्या यादीत आहे. कागदावर वाट मोकळी आहे. परंतु माळशिरस हा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचा तालुका. सोलापूरच्या सर्वोपचार रुग्णालयात जाऊन येण्यात दिवस मोडतो, तपासण्यांसाठी तो अनेकदा मोडतो, आणि सोबतच्या माणसाचाही मोडतो. शिधापत्रिका गावी बीडमध्ये, माणूस श्रीपूरच्या फडात. शिवाय शस्त्रक्रियेनंतर जमिनीवर उकिडवे बसणे टाळावे लागते, शौचालय उंच बैठकीचे हवे असते आणि पुन्हा कधी मोळी उचलावयाची नसते. घरी यांतले काही नसेल आणि दुसरे काम नसेल तर नवा सांधा घेतलेला माणूस पुढच्या दसऱ्याला पुन्हा कोयता धरतो. तेव्हा शस्त्रक्रिया हा उपचाराचा शेवट नव्हे. पोटापाण्याचे दुसरे काम मिळेपर्यंत उपचार अपुराच राहतो.

कृत्रिम सांध्यांच्या बाजाराकडेही डोळेझाक करून चालणार नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. खुबा त्या आदेशात नव्हता. डीप्यू कंपनीचा ‘एएसआर’ हा धातूवर धातू घासणारा खुबा सदोष ठरून ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवला गेला. भारतात तो हजारो लोकांना बसवला गेला होता. रुग्णांनी व प्रसारमाध्यमांनी प्रश्न लावून धरला तेव्हा कोठे, नोव्हेंबर २०१८ मध्ये, केंद्र सरकारने ३० लाखांपासून सुमारे १ कोटी २३ लाख रुपयांपर्यंतच्या भरपाईचे सूत्र ठरवले, आणि कंपनीने ते न्यायालयात आव्हानिले. तो लढा न्याय्यच होता. पण त्यातून एक विसंगती उघडी पडते. माणसाच्या खुब्यात बसवलेला धातू झिजला तर भरपाई द्यावी लागते हे राज्याने मान्य केले आहे. त्याच खुब्यातील हाड दुसऱ्याची मोळी वाहून झिजले तर मात्र ते त्याचे वय, त्याचे नशीब आणि त्याचाच खर्च.

या स्थितीत मागण्या काय असाव्यात? पहिली अशी, की ऊसपट्ट्यातील प्रत्येक सरकारी दवाखान्याच्या केसपेपरवर रोग्याचे काम, किती हंगाम आणि किती वजन यांची नोंद सक्तीची व्हावी; बाईच्या कागदावरही व्हावी. दुसरी, हंगामाच्या आरंभी आणि अखेरीस कारखान्याच्या आवारात मजुरांच्या सांध्यांची तपासणी व्हावी आणि एक्स-रेची सोय तालुक्यातच असावी. ऊसतोड मजुरांसाठी स्थापन झालेल्या गोपीनाथ मुंडे कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये आणि शासनाने तितकीच भर देण्याचे ठरलेले आहे. या खर्चाचा भार तेथे सहज मांडता येतो. तिसरी, दीर्घकाळ ओझे वाहिलेल्या मजुराच्या खुब्याची झीज तिसऱ्या अनुसूचीत यावी. चौथी, मोळीच्या वजनाला मर्यादा असावी आणि गाडी भरण्यासाठी यंत्र मिळावे. माणसाने वाहावयाच्या कमाल वजनाविषयी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्येच करार संमत केला आहे, हे येथे स्मरावे. पाचवी, शरीराने निकामी झालेल्या मजुराची उचल त्याच्या बायकोच्या वा मुलाच्या माथी मारली जाऊ नये आणि त्याला कारखान्याच्या परिसरात बसून करण्याजोगे काम मिळावे.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ पदरात पडली, ती संप आणि वाटाघाटींच्या बळावर. मजुरीच्या लढ्याला हे यश मिळू शकते तर शरीराच्या लढ्यालाही मिळू शकेल. परंतु दर टनावर मिळतो आणि टन वाढवण्यासाठी मजूर स्वतःच मोळी जड बांधतो. म्हणून केवळ दरवाढ मागून थांबणाऱ्या संघटना नकळत त्याच्या खुब्यावर अधिक वजन चढवत असतात. ही गोष्ट अप्रिय असली तरी कार्यकर्त्यांनी ती नजरेआड करू नये.

कायदा बदलण्यास वर्षे लागतील. एक काम मात्र या हंगामापासूनच हाती घेता येईल. फडावर जाणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने एक वही बाळगावी आणि जो लंगडतो, ज्याला मांडी घालता येत नाही, जिला उकिडवे बसता येत नाही, अशा प्रत्येकाचे काम, हंगाम आणि दुखण्याची जागा त्याच्या संमतीने लिहून घ्यावी. मग त्याला दवाखान्यापर्यंत सोबत करावी, आणि केसपेपर लिहिला जात असताना ‘धंदा’ या रकान्यात ‘मजूर’ एवढ्यावर समाधान मानू नये. तेथे ‘ऊसतोड, २२ हंगाम, मोळी वाहणे’ असे लिहून घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नये.